‘सध्या घरीच असतो’ : एका बायोडाटाचा प्रकरण अभ्यास

नोव्हेंबर २०२४. सोयाबीनच्या राशी झाल्या होत्या आणि हरभऱ्याची पेरणी उरकत आली होती. त्या दिवसांत लातूरमधल्या माझ्या खोलीत तिशीला टेकलेला एक तरुण आला. मी समुपदेशनाचं काम करते. नाव विचारून झालं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “काय करता?”

“सध्या काही नाही, मॅडम. घरीच असतो.”

दोन्ही हात त्यानं गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. पाण्याचा पेला घेताना तळवे दिसले. अंगठ्याजवळच्या कातडीला भेगा पडलेल्या, आणि भेगांमध्ये काळं बसलेलं. हे काळं साबणानं निघत नाही. आठ-पंधरा दिवस काम थांबलं तरच जातं. त्या हंगामात या मुलानं साडेचार एकरांतलं सोयाबीन काढून, मळणीयंत्रापाशी उभं राहून ३६ क्विंटल माल घरात आणला होता. हे मला पुढच्या एका भेटीत कळलं. पहिल्या भेटीत मात्र मी वहीत लिहून घेतलं, ‘बेरोजगार, घरी असतो’. समोर दिसणारे हात सोडून मी त्याच्या तोंडचं वाक्य खरं धरलं. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

हे सगळं मी त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव देत नाही. घरात त्याला ‘थोरला’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

तक्रार

थोरल्याची तक्रार झोपेची होती. रात्री दोन-तीनला जाग यायची, छाती धडधडायची, मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. नातेवाइकांच्या लग्नाला जाणं त्यानं बंद केलं होतं. घरच्यांना वाटायचं, लग्न जमत नाही म्हणून पोरगं खचलंय. पण तो खचलेला दिसत नव्हता. खचलेला माणूस हळू बोलतो, हालचाल कमी करतो. हा सारखा दाराकडं बघत होता, पाय हलवत होता. पकडलं जाण्याची भीती असलेल्या माणसासारखा. हा फरक मी तेव्हा टिपून ठेवला, पण त्याचा अर्थ मला फार नंतर लागला.

दुसऱ्या भेटीत त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. लग्नाचा बायोडाटा. घड्यांवर झिजून पांढरा पडलेला. वर श्रीगणेश, खाली जन्मवेळ, रास, रक्तगट, मामाचं गाव. मधल्या तीन ओळी अशा होत्या :

नोकरी : प्रायव्हेट कंपनी, चाकण, पुणे
पगार : २८,०००
शेती : ६ एकर (बागायत)

यातली पहिली ओळ पाच वर्षांपूर्वी खरी होती. लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तो २०१५ मध्ये चाकणला गेला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर लागला. तिथं त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. सगळे ‘ए लातूर’ म्हणायचे, सुपरवायझरच्या फोनमध्येही तो ‘लातूर’ म्हणूनच होता. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो गावी आला, कंत्राट परत मिळालं नाही, वडिलांचे, म्हणजे आबांचे, गुडघे गेले आणि शेत त्याच्या अंगावर पडलं. दुसरी ओळ त्याच नोकरीची, थोडी फुगवलेली. तिसरी अर्धी खरी. शेत सहा एकरच आहे, पण विहिरीचं पाणी दोन एकरांनाच पुरतं.

मला त्या कागदावर सगळ्यात जास्त बोलका वाटला तो त्याचा क्रम. शेती लिहायला कुणाचीच हरकत नाही. उलट ‘मागं शेती आहे ना?’ हे पोरीवाले विचारतातच, शेती नसलेला नोकरदार त्यांना अर्धा वाटतो. शेताची ओळ चालते. ती ओळ कसणारा माणूस चालत नाही. सहा एकर हवेत, पण त्या सहा एकरांत रोज सकाळी कोण उतरतो हे कागदावर यायला नको. मराठवाड्यातल्या गावोगावी ही अट कुणी तोंडानं न बोलता पाळली जाते, आणि थोरल्यासारखी पोरं त्या न बोललेल्या अटीत स्वतःला बसवतात.

बॅग

स्थळ यायचं ठरलं की आदल्या दिवशी थोरला लातूरला मामेभावाच्या खोलीवर जायचा. दाढी, केस, हातांना रात्रभर व्हॅसलीन. दुसऱ्या दिवशी एसटीनं परत. फाट्यावर बॅग घेऊन उतरायचा, धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन आलेला असायचा. पाहुणे घरात बसलेले. आई म्हणायची, “आत्ताच आला बघा पुण्याहून, रात्रपाळी करून.” त्याआधी सकाळीच फवारणीचा पंप, खताची पोती, चिखलाचे बूट शेजारच्या घरात गेलेले असायचे.

तीन वर्षांत ११ वेळा असं झालं.

गावाला अर्थातच सगळं माहीत होतं, आणि गावानं साथ दिली. फाट्यावरचा टपरीवाला पाहुण्यांच्या देखत मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, “कवा आलास रं पुण्याहून? किती दिवस सुट्टी?” हे सांगताना थोरल्याचा आवाज पहिल्यांदा फुटला. “मॅडम, त्यांनी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळे सांभाळून घेत होते. म्हणजे सगळ्यांलाच वाटत होतं की ह्याचं झाकण्यासारखं काहीतरी हाय.” लोकांच्या मायेनं माणसाला इतकं लागू शकतं, हे मी त्याच्याकडून शिकले.

अकराव्या स्थळाच्या वेळी निरोप घेताना मुलीच्या चुलत्यांनी त्याचा हात हातात घेतला. स्वतः शेतकरी माणूस. हात सोडला नाही, अंगठा त्याच्या तळव्यावरून फिरवला आणि म्हणाले, “हात तर आमच्यासारखेच हैत की, पाव्हणं.” बास. ना आवाज चढवला, ना काही विचारलं. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. निरोपाचं खरं कारण काय, कुणास ठाऊक. खरंच पत्रिकाही असेल. पण त्या रात्रीपासून थोरल्याची झोप उडाली.

मी दिलेला सल्ला

हे ऐकून मी जे बहुतेक कुणीही सांगितलं असतं तेच सांगितलं. खोट्याचं ओझं झालंय, ते उतरवा. बायोडाटा खरा करा.

त्यानं केला. ‘नोकरी’ खोडून ‘व्यवसाय : शेती’ लिहिलं. पुढच्या तीन आठवड्यांत यायचं म्हणालेली दोन स्थळं फोनवरच थांबली. आई त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. महिनाभर तो माझ्याकडं फिरकला नाही. जानेवारीत आला तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “खोटंबी गेलं मॅडम, अन् खरंबी गेलं.”

त्या वाक्यानं मला थांबवलं. मी प्रकरण खोटं विरुद्ध खरं असं मांडलं होतं. बाहेर सांगितलेलं खोटं काढलं की आत खरं आहेच, ते वर येईल, असं मी गृहीत धरलं. पण आत काय होतं? पहिल्या दिवशी मला काय सांगितलं होतं त्यानं? ‘काही नाही, घरीच असतो.’ माझ्यासमोर त्याला लपवायचं काही नव्हतं, मी कुणाची चुलती नव्हते. ते त्याचं स्वतःबद्दलचं प्रामाणिक मत होतं. पुण्याची नोकरी हे पाहुण्यांसाठीचं खोटं आणि ‘काही नाही’ हे स्वतःसाठीचं. दुसरं जास्त खोल गेलेलं, कारण ते त्याला खोटं वाटतच नव्हतं. ‘व्यवसाय : शेती’ लिहिताना त्यानं कागदावर सत्य मांडलं नव्हतं. ‘काही नाही’ हेच जरा सभ्य शब्दांत लिहिलं होतं. त्या ओळीत जीव नव्हता आणि वाचणाऱ्यांनाही तो दिसला नाही.

आपल्याकडं मुलाबद्दल विचारताना ‘काय करतो?’ असं फारसं विचारत नाहीत. ‘कुठं असतो?’ विचारतात. ‘पुण्याला असतो’ हे पूर्ण उत्तर असतं. तिथं तो काय करतो, किती तास उभा राहतो, खोलीत किती जण झोपतात, हे पुढं कुणी विचारत नाही. ‘घरी असतो’ हेही पूर्ण उत्तरच, फक्त उलट्या बाजूचं. प्रश्नच करण्याचा नसून असण्याचा आहे. म्हणून शेतात चौदा तास राबणाराही ‘घरी’ ठरतो. थोरल्यानं हा शब्द शोधला नव्हता, गावानं त्याला तयार दिला होता आणि त्यानं तो अंगाला लावून घेतला.

कागद आणि घर

थोरल्याच्या पाकिटात कंपनीचं ओळखपत्र अजून होतं. मुदत संपून पाच वर्षं होत आलेली, फोटोचा रंग उडालेला. मी विचारलं, हे का ठेवलंय? म्हणाला, “फोटो अन् काम एकत्र असलेलं हे एकच हाय माझ्याजवळ.”

मी त्याच्या घरचे कागद आठवून पाहिले. सातबारा वडिलांच्या नावावर. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये वडिलांच्या खात्यावर. शेतकरी ओळख क्रमांकाची जी मोहीम तेव्हा गावात चालू होती, तोही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यालाच. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, मोबाईलवर होते. पिकात उभं राहून फोटो थोरला काढतो, माहिती तो भरतो, नोंद वडिलांच्या नावानं चढते. पेरणारा तो, विकणारा तो, पण सरकारी कागदानुसार तो शेतकरी नाही. गावात ज्याला ‘घरीच असतो’ म्हणतात, त्याला सरकारदरबारीही दुसरा शब्द नाही. आपण कोण हे माणूस फक्त मनात ठरवत नाही, ते कुठंतरी लिहिलेलंही लागतं.

घराबद्दलही सांगायला हवं. त्याचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, भूकंप झाला आणि आजोबांचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या छताचा, वाडा बसला. थोरला पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये जन्मला आणि पुनर्वसनातल्या घरात वाढला. आजी जुन्या वाड्याची ढाळज सांगायची. आलेला माणूस ढाळजेत बसे, पान-पाणी तिथंच, आणि आत माजघरात काय शिजतंय, कोण रडतंय, हे त्याच्यापर्यंत जात नसे. नव्या घरात दार उघडलं की बैठक, बैठकीतून सरळ स्वयंपाकघर, मागं गोठा. झाकायला जागाच नाही, म्हणून सामान शेजारी जायचं.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन १९५० च्या आसपास स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर राहिले होते. तिथल्या एका छोट्या हॉटेलात जेवणाच्या दालनात माणसं कशी वागतात आणि तीच माणसं दार ओलांडून स्वयंपाकघरात गेली की कशी होतात, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. लोकांसमोरचा भाग आणि मागचा भाग, ही त्यांची मांडणी त्यातून आली. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की मागचा भाग असणं ही लबाडी नव्हे, ती गरज आहे. प्रत्येकाला माजघर लागतं. थोरल्याचं दुखणं त्याला ढाळज होती हे नव्हतं. माजघरात गेल्यावरही त्याला सैल होता येत नव्हतं. आई, भाऊ, टपरीवाला, सगळेच नाटकात होते आणि नाटक कधी संपतच नव्हतं. मी ‘खरं सांगून टाका’ म्हणाले तेव्हा उरलीसुरली ढाळजही पाडली, आणि माजघर तर मुळातच नव्हतं.

दोन आठवड्यांची वही

जानेवारीत मी सल्ला देणं थांबवलं आणि एक काम दिलं. १४ दिवस रोज रात्री लिहायचं, आज काय केलं. दोन शब्द वापरायचे नाहीत : ‘शेती’ आणि ‘नोकरी’. फक्त काय केलं ते.

पहिल्या दोन दिवशी वहीत ‘विशेष नाही’ एवढंच होतं. तिसऱ्या दिवसापासून हात मोकळा झाला. काही नोंदी त्याच्याच शब्दांत देते :

‘लाईट रात्रीची. २ ते ५ तुषार चालवले. दोन नोझल तुंबले, काडीने साफ केले. थंडी लई.’

‘हरभऱ्यातले कामगंध सापळे बघितले. तीन रात्री झाल्या, आठ-दहा पतंग पडायलेत. घाटेअळी येणार. निंबोळी अर्क ५ टक्के गाळून ठेवला.’

‘तुरीची रास. कट्टे शिवले. आबाला दवाखान्यात नेले.’

‘शेजारच्याच्या मोटारीचा स्टार्टर जळाला, बसवून दिला. मग एकाचं पेरणीयंत्र बघितलं. टाईमपास.’

त्या शेवटच्या शब्दावर मी बोट ठेवलं. कुणाकुणाची यंत्रं बघता? त्यानं सहज सांगितलं. सोयाबीनचं बी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली गेलं की उगवण मार खाते, आणि गावातल्या ट्रॅक्टरांच्या पेरणीयंत्रांचे फण वाकलेले, चकत्या झिजलेल्या. जूनमध्ये पाऊस पडला की वेळ नसतो, म्हणून लोक मे महिन्यातच यंत्र त्याच्या दारात आणून लावतात. तो खोली लावून देतो, दोन ओळींतलं अंतर लावतो, रिकामं फिरवून एका एकराला किती बी पडेल ते मोजून देतो. मागच्या जूनआधी किती केली? बोटांवर मोजली. १४. पैसे? “गावातलेच हैत, काय घ्यायचं.”

त्याचा डिप्लोमा आणि चाकणची पाच वर्षं वाया गेली, असं तो आणि घरातले सगळे मानून बसले होते. ती त्या १४ यंत्रांत होती.

मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९६७ मध्ये एक मांडणी केली. आतून स्पष्ट खूण मिळत नसेल तेव्हा माणूस स्वतःला तसाच ओळखतो जसा बाहेरचा त्याला ओळखेल, म्हणजे स्वतःचं वागणं पाहून. ‘मी वारंवार हे करतो, म्हणजे मी असा असणार.’ थोरल्याच्या बाबतीत पाहण्यासारखं वागणं भरपूर होतं, पण त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं एकच वागणं डोळे भरून पाहिलं होतं : बॅग घेऊन फाट्यावर उतरणारा आपण. त्यावरून त्यानं स्वतःबद्दल निष्कर्ष काढला होता. वहीनं त्याच्यासमोर दुसरा पुरावा ठेवला, त्याच्याच अक्षरात.

तीन रकाने

मग मी तीन रकाने आखले. मी आहे. मला व्हावंसं वाटतं. मी असायला पाहिजे. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी दाखवलं की ‘आहे’ आणि ‘व्हावंसं’ यांत अंतर पडलं की माणूस उदास होतो, आणि ‘आहे’ आणि ‘असायला पाहिजे’ यांत पडलं की अस्वस्थ, भेदरलेला होतो. पहिल्या दिवशी पाय हलवणाऱ्या त्या मुलाचा अर्थ मला इथं लागला.

मधल्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘अवजार बँक. गावात शेड. वेल्डिंग मशीन.’ लिहिताना डोकं वर केलं नाही, पण पाय स्थिर होते. तिसऱ्या रकान्यात सात ओळी भरल्या : पर्मनंट नोकरी, पुण्यात फ्लॅट, चारचाकी असं काय काय. मी प्रत्येक ओळीपुढं लिहायला सांगितलं की हे कुणाच्या आवाजात ऐकू येतं. मामा. आई. मामा. पाहुणे. वर्गमित्र. मामा. सातव्या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला आणि लिहिलं, ‘टीव्ही’. सातांत एकही ओळ स्वतःच्या आवाजातली नव्हती.

एक गोष्ट करून बघायची राहिली होती. गाव आपल्याला ‘पुण्याहून हाकलून दिलेला’ समजतं, अशी त्याची खात्री होती. १९०२ मध्ये समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली यांनी ‘आरशातला मी’ ही कल्पना मांडली : आपण दुसऱ्याला कसे दिसत असू हे आपण कल्पतो, तो काय म्हणत असेल हे कल्पतो, आणि त्यावरून आपल्याला अभिमान किंवा लाज वाटते. दोन्ही पायऱ्या कल्पनेच्याच. मी म्हटलं, एकदा विचारून या. तिघांना विचारायचं ठरलं. धाकट्या चुलत्यांनी उत्तर द्यायच्या आधी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, मग म्हणाले, “तू नसतास तर औंदा माझं बी दोनदा टाकावं लागलं असतं.” टपरीवाला म्हणाला, “तू आलास म्हनून आबा जगला.” मामा मात्र म्हणाले, जे थोरल्याला वाटत होतं तेच : कंपनीत टिकला नाहीस.

तेही मी महत्त्वाचं मानते. तिन्ही उत्तरं गोड आली असती तर त्यानं ती खरी धरली नसती. मामांचं मत खरंच तसं आहे हे कळल्यावर ते एका माणसाचं मत झालं. तोवर ते सगळ्या गावाचं होतं.

आई

फेब्रुवारीत आईला बोलावलं. पदर नीट करून बसल्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “आमी काय लबाड हाव का, मॅडम? लेकराचं व्हावं म्हनून केलं.” मग हळूहळू दुसरं बाहेर आलं. लग्नकार्यात बायका विचारतात, थोरला कुटं असतो. पाच वर्षं त्या ‘पुण्याला’ म्हणत आल्या. त्या एका शब्दानं त्यांना पंगतीत जरा वरची जागा मिळायची. चाळीस वर्षं खुरपं धरलेल्या बाईनं कमावलेली ती एकच जागा होती. बायोडाटातली ओळ खोडली गेली तेव्हा मुलाच्या आधी त्यांची ओळख खोडली गेली. हे मला आधी दिसायला हवं होतं. घरात एकाची ओळख बदलते तेव्हा ती ज्यांनी टेकायला घेतलेली असते तेही हलतात.

मी त्यांना वही वाचून दाखवली. स्टार्टरच्या नोंदीपाशी म्हणाल्या, “ह्ये तर रोजचंच हाय की.” जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, “रोजचंच हाय.” दुसऱ्यांदा आवाज वेगळा होता.

इथं पोरीवाल्यांबद्दलही न्यायानं बोललं पाहिजे. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलींना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांनी आपल्या आईला भर उन्हात खुरपताना पाहिलंय, हमीभाव कागदावर आणि बाजार त्याच्या खाली हे पाहिलंय. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता आणि थोरल्यानंही त्याच्या खालीच माल घातला. त्या घरात गेल्यावर सातबाऱ्यावर आपलंही नाव नसेल आणि घाम मात्र आपला असेल, हे त्यांना कळतं. त्यांचा नकार ही त्यांचीही स्वतःबद्दलची समज आहे, आणि मी ती मोलाची मानते. म्हणूनच बॅगेचं नाटक त्या मुलींवर अन्याय करणारं होतं, हे मी थोरल्याला स्पष्ट सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं, वाद घातला नाही.

नवा कागद

मार्चमध्ये त्यानं बायोडाटा स्वतःच नव्यानं लिहिला. मला फक्त दाखवायला आणला.

काम : ६ एकर कसतो (२ एकर विहिरीवर). पेरणीयंत्रं व मोटारींची दुरुस्ती करतो.
आधी : चाकणला ५ वर्षं, मशीन शॉप.
अपेक्षा : येताना शेत बघून जावे.

‘बागायत’ गेलं होतं. पगाराच्या जागी त्यानं गेल्या दोन वर्षांचा जमाखर्च जोडला होता, तोट्याच्या वर्षासकट. आईनं एकच दुरुस्ती करायला लावली होती, ‘मोटारींची’च्या आधी ‘गावातल्या’ घालायचं. ती त्यानं पेनानं वरून घातली होती.

लग्न जमलेलं नाही. दोन स्थळं नवा कागद वाचूनही येऊन गेली, एका मुलीनं शेताच्या बांधावर उभं राहून त्याला फवारणीचा खर्च विचारला, पुढं काही झालं नाही. झोप बरीच सुधारली, पाहुणे यायच्या आदल्या रात्री अजून उडते. ओळखपत्र पाकिटात आहे की नाही हे मी विचारलेलं नाही.

मे २०२५ मध्ये एका रात्री त्याचा फोन आला. लातूरला एका लग्नात गेला होता, बऱ्याच वर्षांनी. मांडवात वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारलं, कुठं असतोस? आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘घरीच असतो.’

“निघूनच गेलं मॅडम. कळलंबी नाही.”

“मग?”

“मग पंगतीला त्यांच्याच शेजारी बसलो. मुद्दाम. ते म्हणाले, औंदा पाऊस लवकर दिसतोय, अन् माझ्या यंत्राचं एका बाजूचं बी पडतच नाही. मी म्हणलं चकती बघितली का. झिजली असंल. भात येईपर्यंत तेच बोलत बसलो.” तो थांबला. “त्यांनी नंबर घेतला. सेव्ह करताना विचारलं, काय नावानं टाकू.”

“काय सांगितलंत?”

“माझं नाव सांगितलं. अन् म्हणलं, पुढं पेरणीयंत्र टाका.”